राखीच्या दिवशी भद्रा का येते? पंचांगाचं साधं गणित

११ ऑगस्ट २०२२, गुरुवार. ताई सुरतेहून रात्रीच्या गाडीने निघाली, पहाटे अमळनेरला उतरली आणि उजाडता उजाडता रिक्षाने आमच्या गावात आली. सोबत दोन पोरं, एक पिशवी, पिशवीत नानखटाईचा डबा आणि पेपरात गुंडाळलेली राखी. दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा होती, दाजींना लूमच्या खात्यात सुट्टी नव्हती, म्हणजे संध्याकाळच्या गाडीने परत निघणं भाग होतं. आईने पितळी ताट राखेने घासून लख्ख केलं होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, सगळं ताटात मांडलेलं. मी पाटावर बसलो, ताईने पदर डोक्यावर घेतला, आणि तेवढ्यात काका फोन घेऊन ओट्यावरून आत आले. फोनवर कुणीतरी पाठवलेला संदेश होता : आज रात्री ८ वाजून ५१ मिनिटांपर्यंत भद्रा आहे, तोवर राखी बांधू नये, भावाला वाईट असतं.

'भावाला वाईट' हे शब्द कानावर पडल्यावर कोणती बहीण पुढे हात करील? ताईने निरांजन खाली ठेवलं. आजी बाजेवरून पुन्हा पुन्हा विचारत होती, "राखी कव्हय बांधानी मंग?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. दुपारी वरण-बट्टी झाली, पोरं कंटाळून झोपली, सहाला ताई स्टेशनकडे निघाली. राखी ताटातून उचलून आईने देव्हाऱ्यात ठेवली.

त्या दिवसापासून मी पंचांग शिकायला बसलो. जे समजलं ते इथे सांगतो, कारण दर श्रावणात हाच संदेश वेगवेगळ्या वेळा घालून फिरत असतो आणि दर वर्षी कुठल्या तरी घरात ताट तसंच राहतं.

सुरुवात भिंतीवरच्या काट्यांच्या घड्याळापासून करू. मोठा काटा म्हणजे चंद्र आणि लहान काटा म्हणजे सूर्य असं समजा. आपण मधोमध, पृथ्वीवर बसून दोघांकडे पाहतो आहोत. बाराच्या ठोक्याला दोन्ही काटे एकावर एक येतात, ती अमावास्या. सहाला एक वर आणि एक खाली, अगदी समोरासमोर, ती पौर्णिमा. मोठा काटा पळतो, लहान काटा रांगतो, आणि दोघांमधलं अंतर सतत वाढत जातं. तिथी म्हणजे हे अंतर. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, त्यांचे ३० समान भाग केले की एकेक भाग १२ अंशांचा होतो. चंद्र सूर्याच्या पुढे ० ते १२ अंश असेपर्यंत शुद्ध प्रतिपदा, १२ ते २४ बीज, २४ ते ३६ तीज, आणि असं करत १६८ ते १८० अंश म्हणजे पौर्णिमा. अंतर बरोबर १८० झालं की पौर्णिमा संपते. चंद्र पुरता गोल होतो तो या शेवटच्या क्षणी.

घड्याळाच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट उलगडते. बारा वाजता एकत्र असलेले काटे पुन्हा कधी भेटतात? मोठा काटा तासाभरात परत बारावर येतो, पण तोवर लहान काटा एकवर सरकलेला असतो. त्याला गाठायला आणखी पाच मिनिटं आणि वर थोडे सेकंद लागतात. चंद्राचंही असंच आहे. तो ताऱ्यांमधून एक फेरी साधारण २७.३ दिवसांत पुरी करतो, पण तेवढ्यात सूर्य पुढे गेलेला असतो, आणि त्याला गाठेपर्यंत साडेएकोणतीस दिवस होतात. हा आपला चांद्रमास. त्याचे तीस भाग केले की एक तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची निघते. दिवसापेक्षा जरा आखूड.

ही झाली सरासरी. प्रत्यक्षात चंद्र एका चालीने चालत नाही. त्याची वाट थोडी लांबट आहे. पृथ्वीच्या जवळ आला की झपझप चालतो आणि लांब गेला की रेंगाळतो. म्हणून एखादी तिथी २० तासांत आटोपते तर एखादी २६ तासांच्याही वर चालते. ती सुरू कधी होईल याला घड्याळाचं बंधन नाही. पहाटे तीनला होईल, भर दुपारी होईल, रात्री अकरालाही होईल. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचं नाव त्या वाराला द्यायचं, ही आपण घातलेली सोय. त्यामुळे कधी एकच तिथी लागोपाठ दोन सूर्योदय पाहते, तिला वृद्धी म्हणतात. कधी एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच संपते, तिचा क्षय. कॅलेंडरात एखादा आकडा गायब दिसतो तो यामुळे. छपाईची चूक नसते ती.

आणि हो, तिथी संपण्याचा क्षण सगळ्या जगात एकच असतो. सुरतेत बसलेल्या ताईची पौर्णिमा आणि अमळनेर तालुक्यातली माझी पौर्णिमा एकाच मिनिटाला संपते. बदलतो तो सूर्योदय. ऑगस्टात जळगावला सूर्य मुंबईपेक्षा दहा-बारा मिनिटं आधी उगवतो, कारण आपण पूर्वेकडे आहोत. तिथी उजाडण्याच्या सुमारास बदलत असेल तर एवढ्या फरकानेही एका गावचा सण आदल्या दिवशी आणि दुसऱ्या गावचा दुसऱ्या दिवशी पडू शकतो. मोबाइलमध्ये कुठल्या शहराचं पंचांग उघडलं आहे, हे म्हणून आधी बघावं.

आता भद्रा.

तिथीचे दोन अर्धे करतात. एक अर्धा म्हणजे सहा अंश, त्याला करण म्हणतात. महिन्यात तीस तिथी, म्हणजे साठ करणं. पण नावं अकराच. त्यातली चार महिन्यातून एकेकदाच येतात, अमावास्येच्या अवतीभवती : शकुनी, चतुष्पाद, नाग आणि किंस्तुघ्न. उरलेली सात आळीपाळीने फिरत राहतात : बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज आणि विष्टी. सात नावं आठ वेळा फिरली की छप्पन्न, आणि वरची चार मिळून साठ. या सातांपैकी शेवटची विष्टी, तिचंच दुसरं नाव भद्रा.

आता बोटांवर मोजून बघा. शुद्ध प्रतिपदेचा पहिला अर्धा किंस्तुघ्न. दुसऱ्या अर्ध्यापासून बव सुरू. तिथून सातवा अर्धा विष्टी, म्हणजे चतुर्थीचा उत्तरार्ध. आणखी सात पुढे गेलं की अष्टमीचा पूर्वार्ध. आणखी सात, एकादशीचा उत्तरार्ध. आणखी सात, पौर्णिमेचा पूर्वार्ध. वद्य पक्षात हीच रांग तृतीया, सप्तमी, दशमी आणि चतुर्दशीवर येते. मी हे पहिल्यांदा वहीवर मांडलं तेव्हा बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो होतो. पौर्णिमेचा पहिला अर्धा भाग कायम भद्राच असतो. श्रावणातच असं नाही, बाराही महिन्यांत. दर वर्षी. शंभर वर्षांपूर्वीही तसंच होतं, शंभर वर्षांनीही तसंच असेल. यंदा राखीवर भद्रेचं सावट आहे असं कुणी घाबऱ्या आवाजात सांगतं तेव्हा त्याने नवीन काही सांगितलेलं नसतं. पौर्णिमा आली म्हणजे तिचा पूर्वार्ध आलाच, आणि महिन्यातून आठ वेळा येणारी ही भद्रा एरवी आपण बिनघोर जगतो. कपाशीची निंदणी काही तिच्यासाठी थांबत नाही.

दर वर्षी बदलतो तो फक्त पौर्णिमा सुरू होण्याचा वेळ. गणित इतकं सोपं आहे की चौथीतलं पोर करील : पौर्णिमेची सुरुवात आणि शेवट पंचांगात पाहायचा, मधले तास मोजायचे आणि निम्मे करायचे. २०२२ मध्ये पौर्णिमा ११ ऑगस्टला सकाळी १०.३८ ला लागली आणि १२ तारखेला सकाळी ७.०५ ला संपली. मधले २० तास २७ मिनिटं. निम्मे सव्वादहा तास. १०.३८ मध्ये मिळवा, रात्रीचे पावणेनऊ होऊन गेले. काकांच्या फोनवरची ८.५१ ही वेळ अशी निघाली होती.

२०२३ मध्ये जवळजवळ तेच झालं. ३० ऑगस्टला सकाळी १०.५८ ला पौर्णिमा लागली, ३१ ला सकाळी ७.०५ ला संपली, आणि भद्रा रात्री नऊपर्यंत. २०२४ मध्ये १९ ऑगस्टला पौर्णिमा पहाटे तीनच्या पुढे लागली, म्हणून भद्रा दुपारी दीडला संपली आणि दुपारचं ताट सगळ्यांना मिळालं. २०२५ मध्ये तर पौर्णिमा ८ ऑगस्टला दुपारी दोननंतर लागली. भद्रा रात्री लोक झोपेत असताना संपून गेली आणि ९ तारखेला सकाळपासून रस्ता मोकळा. बहिणींचं काही बरोबर नव्हतं, काही चूक नव्हतं. पौर्णिमा सकाळी लागली की दिवस अडतो, आदल्या दुपारी-संध्याकाळी लागली की मोकळा राहतो.

२०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही पौर्णिमा वीस-एकवीस तासांतच का संपल्या, हेही वर सांगितलेल्या चालीतच दडलेलं आहे. या तिन्ही वर्षी राखीला चंद्र पृथ्वीच्या जवळ होता. चंद्राचं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर, आणि २०२३ च्या राखीला तो ३ लाख ५७ हजारांच्या आसपास आला होता. त्या रात्री ज्यांनी घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, जाऊन पाहिलं त्यांना तो नेहमीपेक्षा भरलेला आणि लखलखीत दिसला असेल. जवळ म्हणजे वेगात, आणि वेगात म्हणजे तिथी आखूड.

तारखांची उडी अशीच हिशोबी आहे. राखी २०२० मध्ये ३ ऑगस्टला होती, २०२१ मध्ये २२ ला, २०२२ मध्ये ११ ला, २०२३ मध्ये ३० ला, मग १९ ला आणि मग ९ ला. बारा चांद्रमासांचे साधारण ३५४ दिवस होतात, म्हणून सण दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकतो. सरकत सरकत श्रावण उन्हाळ्यात जाऊ नये म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक मास घालतात, की सण एकदम एकोणीस दिवस पुढे. २०२३ चा अधिक महिना श्रावणच होता. त्याआधी अधिक श्रावण २००४ मध्ये आला होता, बरोबर १९ वर्षांपूर्वी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरहून आलेल्या लेकी झोक्यावर बसतात तेव्हा कैऱ्या पाडाला आलेल्याच असतात, आणि शेतात सालदाराचं नवं साल धरायला ऊन-पावसाचा मधला काळ नेमका मिळतो, तो या अधिक महिन्याच्या कृपेने. तो नसता तर वैशाखातली आखाजी काही वर्षांत थंडीत गेली असती.

आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो, कारण खानदेशच्या एका अंगाला सुरत आहे आणि दुसऱ्या अंगाला बऱ्हाणपूर. बऱ्हाणपूरकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे आणि गुजरातेत अमावास्येला. मग राखी वेगवेगळ्या दिवशी येईल का? नाही. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं. फरक वद्य पक्षात पडतो. आपली श्रावण वद्य अष्टमी त्यांच्याकडे भाद्रपदातली. दिवस तोच, नाव वेगळं. राखी, भाऊबीज आणि आखाजी हे बहीण-भावांचे आणि माहेराचे तिन्ही सण शुद्ध पक्षातले, त्यामुळे तिथे सोयरीक जमलेल्या घरांना ही अडचण कधी येत नाही.

आता खरा प्रश्न. भद्रा कळली. पण तिच्यात राखी बांधू नये हे कुणी सांगितलं, आणि कुणाला?

धर्मशास्त्राच्या ग्रंथांत एक जुना श्लोक दिला जातो. श्रावणी आणि फाल्गुनी या दोन गोष्टी भद्रेत करू नयेत. श्रावणी केली तर राजाला घात, फाल्गुनी केली तर गावाला आग. फाल्गुनी म्हणजे होळी. तीही पौर्णिमेलाच, म्हणून भद्रेची चर्चा होळीलाही निघते. श्लोक नीट वाचला तर त्यात बहीण नाही आणि भाऊही नाही, त्यात राजा आहे. कारण ग्रंथांत सांगितलेलं रक्षाबंधन हा एक वेगळाच विधी होता. कापडाच्या पुरचुंडीत अक्षता आणि पांढरी मोहरी बांधून पुरोहिताने ती राजाच्या, यजमानाच्या मनगटावर मंत्र म्हणत बांधायची. त्या मंत्रात बळीराजाचं नाव येतं. पुराणातल्या गोष्टीत इंद्राच्या हाताला रक्षा बांधते ती शची, त्याची बायको. गावात अजूनही भटजी घरोघर जाऊन जो दोरा बांधतात तो या जुन्या विधीचा उरलेला धागा. बहिणीने भावाला रेशमी राखी बांधायची ही लोकांनी आपल्या मायेने उभी केलेली रीत आहे, पुढच्या काळातली. राजासाठीचा नियम आपण तिच्या अंगावर घातला आणि मग तिलाच घाबरवलं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्यांना तो विधी मंत्रासह करायचा आहे त्यांनी भद्रा टाळावी, त्यात त्यांचं शास्त्र आहे. पण सुरतेहून एका दिवसासाठी आलेल्या बहिणीला पाटासमोरून उठवू नये. २०२३ मध्ये भद्रा रात्री नऊपर्यंत होती, आणि माझ्या ताईने दुपारी साडेतीनला राखी बांधली. आजी शेजारी बसून होती. तिने विचारलं, "भद्रा सरनी का?" मी म्हटलं, "नाही आजी, पण ती राजासाठी आहे." आजीने मान हलवली आणि पेढ्याचा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला.

हे सगळं गणित बाहेरून कुठून तरी आलेलं आहे, भटा-ब्राह्मणांचं आहे, आपल्या मातीशी त्याचा संबंध नाही, असं मला पूर्वी वाटायचं. मग मी चाळीसगावला गेलो. तिथून अठराएक किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत पाटण आहे, पाटणादेवीचं. गौताळ्याच्या रानातून वाट जाते, पावसाळ्यात धबधबे सुटलेले असतात. लीलावती आणि सिद्धान्तशिरोमणी लिहिणारे भास्कराचार्य, शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ मध्ये जन्मलेले, त्यांचं नाव या पाटणशी जोडलेलं आहे. ग्रहांची गती, तिथी आणि ग्रहणं कशी काढायची हे त्यांनी सिद्धान्तशिरोमणीत ११५० मध्ये मांडलं, आणि पुढे ११८३ च्या सुमाराला करणकुतूहल नावाचा आटोपशीर ग्रंथ लिहिला. (या नावातलं करण म्हणजे सोप्या रीतीने गणित करून देणारं पुस्तक. वरचं अर्ध्या तिथीचं करण वेगळं.)

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्याने पाटणला मठ काढला, आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्या मठाला दान दिलं. हे सगळं एका शिलालेखात कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे : पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा कसला हिस्सा मठाला, घाण्यामागे किती तेल मठाला. गणिताची शाळा चालावी म्हणून बाजारातल्या गिऱ्हाइकाचा आणि तेलघाण्याचा वाटा लावून दिलेला.

आणि या दानाची तिथी? शके ११२८, श्रावण महिना, पौर्णिमा, चंद्रग्रहणाच्या वेळी. इसवी सनाच्या हिशोबाने ९ ऑगस्ट १२०७. आपली राखीपौर्णिमा. ग्रहण लागतं ते अंतर १८० अंशांच्या आसपास असताना, म्हणजे पौर्णिमा संपता संपता. भद्रा तर १७४ अंशांना संपून गेलेली असते. म्हणजे सोईदेवाने हातावर पाणी सोडून दान दिलं तेव्हा पाटणवर भद्रा नव्हतीच. त्या दरबारातल्या ज्योतिषाला हे बोटांवर मोजायलाही लागलं नसेल. मी ते पाटणच्या पायऱ्यांवर बसून वहीत मोजलं, आणि फार बरं वाटलं.

आता भाऊबीज, कारण तिथे वेगळा नियम लागतो आणि घोळही वेगळा होतो.

पुष्कळांना वाटतं की सूर्योदयाला जी तिथी तिचाच सण. व्रतं आणि सणांना हे सरसकट लागू नाही. प्रत्येक सणाची आपली वेळ आहे आणि त्या वेळी तिथी हजर लागते. गणेशचतुर्थीला मध्यान्ह, लक्ष्मीपूजनाला संध्याकाळचा प्रदोष, महाशिवरात्रीला मध्यरात्र. भाऊबीजेला अपरान्ह. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे पाच समान भाग केले की चौथा भाग अपरान्ह. दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे तो साधारण दुपारी सव्वा ते साडेतीन असा येतो. यमुनेने यमाला घरी बोलावून जेवू घातलं ती यमद्वितीया, आणि जेवायची वेळ दुपारची, असं मी लक्षात ठेवलं आहे.

२०२२ ची दिवाळी आठवते का? २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, २५ ला संध्याकाळी सूर्यग्रहण, आणि २६ ला पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी. बायकांची तारांबळ उडाली होती. सकाळी नवऱ्याला ओवाळायचं आणि दुपारी भावाकडे पळायचं. बीज २६ तारखेला दुपारी २.४२ ला लागली आणि २७ ला दुपारी १२.४५ ला संपली. २७ ला सूर्योदयाला बीज आहे, हे खरं. पण त्या दिवशी अपरान्ह सुरू होण्याआधीच ती संपते. २६ ला मात्र अपरान्हात ती येऊन बसलेली असते. म्हणून २६. सूर्योदयाचा नियम धरून बसलेल्यांनी २७ सांगितली, अपरान्हाचा नियम जाणणाऱ्यांनी २६ छापली. दोघांकडचे आकडे एकच होते.

हाच धडा घेऊन २०२६ ची राखी काढून बघा. पौर्णिमा २७ ऑगस्टला, गुरुवारी, सकाळी नऊनंतर लागते आणि २८ ला, शुक्रवारी, सकाळी पावणेदहाच्या सुमाराला संपते. निम्मं केलं की भद्रा २७ च्या रात्री साडेनऊच्या आत संपते. कॅलेंडरात राखी २८ ला आहे, आणि पंचांग काटेकोर पाळायचं तर उजाडल्यापासून पावणेदहापर्यंत. ज्यांची बहीण गुरुवारीच मुक्कामाला येणार आहे त्यांना घाई नाही. ज्यांची शुक्रवारी दुपारी उतरणार आहे त्यांनी ती उतरल्यावर बांधून घ्यावी.

बीज या शब्दातच भाऊबीजेचा चंद्र आहे. अंतर १२ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय चंद्राची कोर साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाही, म्हणून अमावास्येनंतर पहिली कोर बहुतेक बीजेला दिसते. बहिणी आधी तिला ओवाळतात आणि मग भावाला. जिला भाऊ नाही ती चंद्रालाच ओवाळते आणि त्यालाच भाऊ म्हणते.

त्या २६ ऑक्टोबरला ताई पोरांना घेऊन आली होती, या वेळी तीन दिवसांसाठी. बीज लागून जेमतेम तीन तास झाले होते, म्हणजे कोर अगदी बारीक असणार आणि सूर्य बुडाल्यावर पाऊण तासाच्या आत तीही बुडणार, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही सगळे धाब्यावर चढलो. आजीला दोघांनी धरून वर आणलं. पश्चिमेला कपाशीच्या वावरांवर तांबूस धूळ होती आणि काही दिसत नव्हतं. भाचीच्या डोळ्यांना आधी दिसली ती, कडुनिंबाच्या शेंड्याच्या जरा डाव्या अंगाला, नखाएवढी. ताईने तिला ओवाळलं. मग मला ओवाळलं. मग ती खाली गेली आणि देव्हाऱ्यातून काहीतरी मुठीत घेऊन वर आली. ऑगस्टमधली राखी होती, पेपराच्या घडीत, कुंकवाने जरा लाल झालेली.

"हात कर," ती म्हणाली.

आजीने काही विचारलं नाही.